ताई सावली, बाळ सावली

ट्रोम्सो (नॉर्वे), २० फेब्रुवारी

ती. आई व बाबा यांना शि. सा. न. वि. वि.

आई, तुझा नवीन चष्मा आला असं कळलं तेव्हाच ठरवलं, या वेळी कागदावर लिहायचं. मुद्दाम टपोरं अक्षर काढलंय. बाबांकडून वाचून घेऊ नकोस, तूच वाच. आमचं रोजचं तुम्हाला फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. तिघंही ठणठणीत आहोत.

मावशीने इथल्या अंधाराचा कुठलासा व्हिडिओ दाखवल्यापासून ‘पोरगी कोमेजेल’ हे तुझ्या मनातून जात नाही. काळीकुट्ट रात्र नसते गं. सूर्य २७ नोव्हेंबरच्या सुमारास क्षितिजाखाली जातो आणि १५ जानेवारीपर्यंत वर येत नाही. भोवती डोंगर, म्हणून गावातून दिसायला २१ जानेवारी उजाडतो. पण दुपारचे दोन-तीन तास चांगला निळसर उजेड असतो, आपल्याकडे पहाटे झुंजूमुंजू होताना असतो तसा. चिऊ त्यात रोज बाहेर खेळते, गाल बघ म्हणावं. आणि हो, माशाचं तेल देतो. ऊन नाही तर ड जीवनसत्त्व कुठून मिळणार? कॉड माशाच्या यकृताचं तेल, दिवसाला एक चमचा, इथे कितीतरी घरांत मुलांना देतात. आजीला सांगायचं नसेल तर राहू दे, पण ते बंद कर असं मला म्हणू नका.

त्या दिवसांत उन्हाची सावली नसतेच. असते ती दिव्यांची. बालवाडीतून घरी येताना रस्त्यावर खांबच खांब आहेत. मागच्या दिव्याची सावली पुढे पडते, पुढच्याची मागे. खांबाच्या खाली आलं की एक आखडून पायाशी गोळा होते, खांब मागे टाकला की तीच पुन्हा पुढे पळायला लागते. मी इतकी वर्षं दिव्याखालून चालले, कधी लक्ष दिलं नव्हतं. चिऊने त्यांना नावंही दिलीत. लांब असते ती ताई, आखूड ती बाळ. मध्येच ताईची बाळ होते आणि बाळाची ताई, तिथे ती थांबते, एक पाऊल मागे जाते, परत पुढे येते. दहा मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागतो. आधी मी हात धरून ओढायचे. आता नाही ओढत.

२१ जानेवारीला इथे सूर्याचा दिवस साजरा करतात. मुलांना गोल, तळलेला, आत जॅम भरलेला पाव देतात आणि सगळे सूर्य बघायला बाहेर येतात. यंदा ढग होते. पुढच्या आठवड्यात मी चिऊला घेऊन बाहेर पडले, तर डोंगराच्या खाचेतून ऊन आलं. इतकं तिरपं, की तिची सावली बर्फावरून लांबच लांब गेली आणि समोरच्या लाकडी भिंतीवर चढली. मला वाटलं ही नाचेल. तर ती गरकन मागे वळून बघायला लागली. मग दुसऱ्या बाजूला. म्हणाली, “ही ताई. बाळ कुठंय?”

सूर्याची एकच सावली असते, हे तिला मला सांगावं लागलं. आई, त्या दिवशी मला घरची फार आठवण आली.

इथली एक गोष्ट मला अजून नीट कळत नाही. लोक खिडकीत दिवा लावून ठेवतात. पडदे उघडे आणि काचेलगत लहानसा दिवा. घरात कोणी असो वा नसो, तो चालूच. विसरून राहिलेला नसतो, देवाचाही नसतो, चोरांच्या भीतीनेही नसतो, मी सगळं विचारून झालं. डिसेंबरात तर आपल्या आकाशकंदिलासारखे कागदी तारे आणि सात मेणबत्त्यांसारखे विजेचे दिवे घरोघर दिसतात. बाबा, तुम्ही बिलाचं विचाराल. वीज बहुतेक सगळी पाण्यावर होते आणि आमच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत घरगुती विजेवर मूल्यवर्धित कर नाही. तरी ‘जाताना दिवे बंद करा’ हे तुमचं वाक्य कानात असल्यामुळे पहिली दोन वर्षं मी लावलाच नाही. शेजारच्या आजींनी एकदा विचारलं, तुमच्याकडे कोणी आजारी आहे का? मी उलट विचारलं, घरी नसताना दिवा कुणासाठी? त्या म्हणाल्या, रस्त्याने जाणाऱ्यासाठी. आता लावते. त्याचा चौकोन बाहेर बर्फावर पडतो आणि चिऊ चौकोनाचौकोनातून उड्या मारत येते. तिन्हीसांज मात्र इथे सापडत नाही. हिवाळ्यात भरदुपारीच असते आणि २० मेच्या सुमारापासून जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. म्हणून घड्याळात सात वाजले की चिऊ शुभंकरोति म्हणते. चालेल ना?

अजून एक. चिऊने घराचं चित्र काढलं आणि झाडाची सावली निळी रंगवली. मी म्हटलं, सावली काळी असते बेटा, आणि हातात काळा खडू दिला. ती रडली. दुसऱ्या दिवशी ऊन होतं तेव्हा मला हात धरून खिडकीशी घेऊन गेली. बर्फावरच्या सावल्या खरंच निळ्या होत्या, स्वच्छ निळ्या. उन्हाचा थेट उजेड तिथे पोचत नाही, आभाळाचा पोचतो, आणि पांढऱ्या बर्फावर आभाळाचा रंग दिसतो. एवढी शिकलेली मी, पण बघायच्या आधीच तिला चूक ठरवलं.

आणि तेव्हा तू आठवलीस. ऑपरेशननंतर तू म्हणाली होतीस, बाबांच्या सदऱ्यांना नीळ जास्त झाल्यासारखी दिसते. मी हसून ‘सवय होईल’ म्हटलं होतं. पण तू बरोबर होतीस. मोतीबिंदूने पिवळट झालेलं भिंग निळा रंग अडवत होतं, ते निघालं. एवढी वर्षं तुला निळं कमीच दिसत होतं आणि आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. पट्टी काढली तेव्हा मी तिथे असायला हवं होतं. सुट्टी नव्हती हे खरं, पण मागून बघायला हवी होती. मावशीला माझा नमस्कार सांग, तिने सगळं केलं.

आता लग्नाचं. कार्यालयाचे उरलेले पैसे सोमवारी बाबांच्या खात्यात जमा होतील. बाबा, ‘राहू दे’ म्हणू नका. एकुलत्या भावाचं लग्न आहे, मला एवढं तरी करू द्या. मी आणि चिऊ ३ मेला पोचतो, पण ११ दिवसांसाठीच. ह्यांना रजा मिळत नाही. सासरच्या मंडळींना मीच फोन करून सांगते, तुम्ही कुणापुढे अवघडू नका. तिघांची तिकिटं झेपली नाहीत, हेही खरं आहे. नवरदेवाला एवढ्यात सांगू नका.

बाबा, एक काम. मेच्या पहिल्या आठवड्यात सांगलीत दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली दिसेनाशी होते. नेमका दिवस पंचांगात किंवा पेपरात बघून ठेवा. लग्नाच्या गडबडीत दहा मिनिटं काढा आणि चिऊला गच्चीवर न्या. तिथे ताईही नाही आणि बाळही नाही. ती काय विचारेल ते मला बघायचंय.

चित्र सोबत पाठवते. काळा खडू मी खोडरबराने पुसलाय, तरी जरा डाग राहिलाय. आई, सावली निळी दिसते का ते फोनवर चिऊलाच सांग.

तुमची,
बेबी