मोठ्या गाडीविषयी दादाला पत्र

स्विंडन, रविवार सकाळ

ती. दादा व सौ. वहिनी यांस सा. नमस्कार. ती. बाबा आणि आईला शि. सा. नमस्कार. छोट्याला गोड पापा.

तुझा निरोप आणि गाडीचे फोटो पोचले. आईने विचारलेलं आधी सांगून टाकतो: माझी तब्येत उत्तम आहे, थंडी कमी होत चालली आहे, जेवण वेळेवर होतं. सोलं, नारळ, उकडे तांदूळ सगळं इथे मिळतं. कामाचं नवीन काही नाही, नेहमीसारखं चालू आहे. काळजी करू नका.

आता तू घ्यायची म्हणतोस ती गाडी. 2015 ची कोरोला अल्टिस, पेट्रोल, ऑटोमॅटिक, विकणारा म्हणतो 41 हजार किलोमीटर चाललेली. परदेशात बसून नाकं मुरडतो असं म्हणशील, म्हणून आधीच सांगतो, ही गाडी वाईट नाही. 1.8 लिटरचं, 140 पीएस ताकदीचं इंजिन दणकट आहे. त्याला ठरावीक किलोमीटरला बदलावा लागणारा टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, तेव्हा तो एक ठरलेला खर्च वाचतो. खड्ड्यांतून ती आपल्या वॅगनआरपेक्षा कितीतरी मऊ जाईल. पण तुझा रोजचा रस्ता म्हणजे घर, फोंडा बाजार, शाळा आणि परत कवळे. बेळगावला तू वर्षातून दोनदा जातोस. गाडी निवडायची ती रोजच्या त्या पाच-सहा किलोमीटरसाठी.

पहिलं काम टेपचं. अल्टिस 4,620 मिमी लांब आणि सुमारे 1,775 मिमी रुंद. आपली जुनी वॅगनआर 3.6 मीटर लांब आणि जेमतेम दीड मीटर रुंद. म्हणजे लांबी तब्बल एक मीटरने वाढली आणि रुंदी वीतभर तरी. 1,775 मध्ये आरसे धरलेले नाहीत. ते उघडे असताना गाडी दोन मीटरच्या आसपास जाते. म्हणून आपल्या घराकडे येणाऱ्या पाणंदीत दोन्ही बाजूंचे चिऱ्यांचे गडगे जिथे सगळ्यांत जवळ येतात तिथे आरशाच्या उंचीवर मोज, जमिनीवर नको. गडगा वर बाहेर झुकलेला असतो. मग फाटकाचे खांब मोज. अंगणात चुन्याने 4.62 बाय 1.78 चा चौकोन आख, आणि चालकाच्या बाजूला दार उघडून उतरायला 70 सेंटिमीटर सोड. तुळस, विहीर आणि स्कूटर त्यात कुठे येतात ते दिसेल.

वळणाचं गणित वेगळं असतं. अल्टिसच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2,700 मिमी अंतर आहे, वॅगनआरच्या 2,400. अंतर जितकं जास्त तितकं मागचं चाक वळणाच्या आतून कापत जातं. पाणंदीतून फाटकात वळताना पुढचं चाक सहज निघेल आणि मागचं दार खांबाला घासेल, ते असं. म्हणून विकणाऱ्याला म्हण की ट्रायल बायपासवर नको, आमच्या दारापर्यंत. आत घाल, उलटी बाहेर काढ, पावसाळ्यात समोरून रिक्षा आली तर कुठे थांबशील ते बघ. हे एका दमात जमलं नाही, तर रोज सकाळी शाळेच्या घाईत जमणार नाही.

स्पीडब्रेकरचंही तसंच. अल्टिसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटाची उंची, 175 मिमी आहे, कागदावर चांगला. पण लांब गाडीचं पोट दोन चाकांच्या मधोमध असतं. पाच माणसं आणि डिकीत सामान भरलं की मागचे शॉकअप दबतात आणि उंच ब्रेकरवर नेमकं तेच घासतं. वहिनींच्या माहेरी दिवाडीला जाताना फेरीच्या उतारावरही हे होईल. ओहोटीला फेरीची फळी आणि धक्का यांत मोठा कोन पडतो आणि लांब पुढचा बंपर आधी टेकतो. तिथलं खारं पाणी खालच्या पत्र्यावर उडतं, ते त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवायलाच हवं.

बाबांच्या गुडघ्यांचं तू काही लिहिलं नाहीस. वॅगनआरमध्ये बाबा नुसते मागे टेकतात आणि बसतात. सेडानमध्ये, म्हणजे अशा डिकीवाल्या बसक्या गाडीत, बसताना खाली वाकावं लागतं आणि उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. त्यांना सोबत ने. गटाराच्या बाजूला, रस्ता कलता असतो तिथे गाडी लावून पाच वेळा आत-बाहेर करायला लाव. एकदा बसून सगळे 'छान आहे' म्हणतात.

खर्च. बाजारातल्या रडतखडत चालीत हे इंजिन एसी लावून लिटरला नऊ-दहा देईल, वॅगनआर पंधरा-सोळा देते. बाकीच्या फेऱ्या मिळून महिन्याला 500 किलोमीटर धर, पेट्रोल शंभर रुपये धर, की महिन्याला सुमारे दोन हजारांचा फरक. थर्ड पार्टी विमा सीसीवर असतो: 2022 साली ठरलेल्या दराने 1000 सीसीपर्यंत (आपली वॅगनआर) 2,094 रुपये, 1500 च्या वर (अल्टिस) 7,897 रुपये, वर जीएसटी असेल तो. आणि एक गोष्ट सगळे विसरतात. जुन्या मोठ्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. हेडलाइट, बंपर, टायर घेताना तू चार लाखांच्या गाडीचे भाग घेत नसतोस, पंधरा लाखांच्या गाडीचे घेत असतोस.

त्याच पैशांत कोणी मोठी डिझेल दाखवली तर बघूही नकोस. पाच किलोमीटरमध्ये डिझेल इंजिन नीट तापतच नाही. बीएस-6, म्हणजे 2020 पासूनच्या कडक धूर-नियमांतल्या, डिझेलमधला काजळीचा फिल्टर जळून साफ व्हायला सलग, वेगाने चालणं लागतं. ते मिळालं नाही की तो तुंबतो, आणि न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ऑइलची पातळी वर चढते.

इथली एक पद्धत तुला सांगायलाच हवी, नाहीतर किलोमीटरबद्दल मी इतका का अडतो ते कळणार नाही. इथे गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी सक्तीची आहे, तिला एमओटी म्हणतात. फी जास्तीत जास्त 54.85 पौंड. ब्रेक, दिवे, सस्पेन्शन, धूर, गंज, टायरची नक्षी 1.6 मिमी आहे की नाही, सगळं बघतात. धोकादायक दोष निघाला तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही. मला नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. हे सगळं सरकारी साइटवर उघडं असतं. रस्त्यात उभ्या असलेल्या कुणाही अनोळखी माणसाच्या गाडीचा नंबर टाकायचा, की 2005 पासूनची प्रत्येक तपासणी दिसते: कोणत्या तारखेला पास, कशात नापास, 'मागचा टायर झिजत आलाय' अशी सूचना, आणि त्या दिवशीचे किलोमीटर, इथे मैल. पैसे नाहीत, ओळखपत्र नाही. शेजाऱ्याने गाडी घेतली की लोक चहा पिता पिता तिची कुंडली बघतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. म्हणून इथे मीटर मागे फिरवणाऱ्याला लपायला जागा फार कमी.

आपल्याकडे खासगी गाडीला दरवर्षीचं असं काही नाही, पीयूसीत किलोमीटर कोण बघतो? ते तुलाच जुळवावं लागेल. अधिकृत वर्कशॉपमधून गाडीच्या नंबरवर सर्व्हिस रेकॉर्ड मालकालाच मागवायला सांग. 41 हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचं ब्रेक पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं नसतं, स्टिअरिंगला चकाकी आलेली नसते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का, ते विचार. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावलास तर नुसते बिघाडाचे कोड बघू नकोस, गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्या पूर्ण झाल्यात का तेही बघ. अपूर्ण असतील तर कोड कोणीतरी नुकतेच पुसलेत, किंवा बॅटरी काढली होती.

पुराच्या पाण्यात गेलेली गाडी ओळखायला सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढ. आतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर तांबड्या मातीची रेघ दिसली तर तिथूनच परत फीर. सीट धुता येते, ती रेघ कोणी धूत नाही. स्टेपनीखालचा खळगा आणि सीटच्या रुळांचे बोल्टही बघ.

गिअरबॉक्स सीव्हीटी आहे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक. गाडी थंड असताना चालू कर. 20 ते 30 च्या वेगात हलकेच पाय दे. थरथर किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर नको. ऑइल कधी बदललं त्याचं बिल माग, 'याला ऑइल लागत नाही' असं म्हणणाऱ्याकडून घेऊ नकोस.

कागद थोडक्यात: आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म 35 आणि बँकेचं पत्र, ट्रान्सफरला 29 आणि 30. गाडी एमएचची असेल तर एनओसी आणि बारा महिन्यांत गोव्याचा नंबर, गोव्याचा रोड टॅक्स वेगळा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुला मिळत नाही.

माझं मत विचारलंस म्हणून: पाणंद आणि बाबा, दोन्ही पास झाले तरच अल्टिस. नाहीतर पेट्रोल डिझायर घे. तीही डिकीवालीच, 3,995 मिमी, आणि 4.8 मीटरच्या त्रिज्येत वळते. बैठक तिचीही वॅगनआरपेक्षा खाली आहे, तेव्हा बाबांना तिच्यातही बसवून बघ.

मनूच्या लग्नात दारात मोठी गाडी दिसावी हे आईचं म्हणणं मला कळतं. सावंतवाडीची मंडळी येणार, मला का कळणार नाही? पण त्या दोन दिवसांसाठी चालकासकट मोठी गाडी भाड्याने घेऊ, ते पैसे माझे. तीन लाख या महिन्यात पाठवतो. त्यातले दोन मनूचे, त्यांना हात लावू नकोस. उरलेला एक गाडीसाठी, आणि त्यातलेही साठ हजार पहिल्या दोन महिन्यांच्या दुरुस्तीला बाजूला ठेव: बॅटरी, ऑइल, बुश, टायर यांना लागतातच.

साखरपुड्याला मला रजा मिळत नाही. हे मनूला तू सांगू नकोस, मीच फोन करतो. गणेश चवथीला येतो येतो म्हणत दोन वर्षं झाली, बाबा काही बोलत नाहीत, हे मला ठाऊक आहे. लग्नाला तिकीट काढलं आहे, ते पक्कं. माझ्या लग्नाचं आईने आता काढू नये. मनूचं होऊ दे, मग बघू, मी नाही म्हणत नाही.

पाणंदीचं माप आणि फाटकाचं माप शुक्रवारपर्यंत कळव. गाडीचा इसार त्याआधी देऊ नकोस.

तुझा,
बाबू