'नोंदी ठेवत नाही' या जाहिरातीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : व्हीपीएनची दिशाभूल करणारी जाहिरात आणि उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

'तुम्ही कोण, हे कोणालाच कळणार नाही' आणि 'आम्ही कसल्याही नोंदी ठेवत नाही' या आपल्या जाहिरातीवर विसंबून मी आपल्या व्हीपीएनची, म्हणजे इंटरनेटवरचा माझा पत्ता लपवणाऱ्या सेवेची, दोन वर्षांची वर्गणी एकरकमी भरली. यातलं एकही वाक्य खरं निघालं नाही.

ॲप चालू होतं, 'तुम्ही सुरक्षित आहात' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तपासणाऱ्या पानावर मात्र दोन पत्ते आले : जुन्या पद्धतीचा (आयपीव्ही४) आपल्या ॲम्स्टरडॅमच्या सर्व्हरचा आणि नव्या पद्धतीचा (आयपीव्ही६) थेट माझ्या घरच्या ब्रॉडबँडचा. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन आयपीव्ही६ बंद केलं, तेव्हा कुठे ही गळती थांबली. आपल्या प्रतिनिधीचं उत्तर एवढंच, 'ॲप काढून पुन्हा टाका.'

आता नोंदींविषयी. जोडणीची वेळ आणि उपकरणाचा ओळख क्रमांक साठवला जातो, असं आपल्याच गोपनीयता धोरणात लिहिलं आहे. माणूस हुडकायला आणखी काय लागतं? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका गुन्ह्याच्या तपासात एफबीआयने प्युअरव्हीपीएनच्या नोंदींचा आधार घेतला होता, आणि ती कंपनीही नोंदी ठेवत नसल्याचंच सांगत होती.

सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क आणि त्याला दिलेले आयपी किमान पाच वर्षं जपायचे आहेत. म्हणून नॉर्डव्हीपीएन, एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आपल्या यादीत मात्र 'मुंबई' आहे. तो सर्व्हर खरोखर मुंबईत असेल, तर नोंदी नाहीत हे कसं? नसेल, तर तो कुठे आहे हे ग्राहकाला का सांगत नाही?

सध्या मी भाड्याच्या सर्व्हरवर वायरगार्ड हे व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं आहे. त्याने मी निनावी झालो नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीकडे माझं नाव आहे, आणि त्या आयपीवरून बाहेर पडणारा मी एकटाच. आपल्याकडे निदान इतर ग्राहकांच्या गर्दीत मिसळता येतं, हे मान्य. पण माझ्या सर्व्हरवर काय लिहिलं जातं ते मी स्वतः उघडून पाहू शकतो. हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर मला तेवढं पुरतं. गूगलमध्ये लॉगिन केलं की गूगलला मी कोण ते कळतंच, मग व्हीपीएन कोणताही असो. हे आपण विकतानाच सांगायला हवं होतं.

माझ्या मागण्या : उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत, आपोआप होणारं नूतनीकरण बंद करावं, आणि माझ्याबद्दल नेमकं काय साठवलं आहे व ते किती काळ राहणार, हे लेखी कळवावं. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागेन.

आयपी तपासणीचे स्क्रीनशॉट आणि वर्गणीची पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक वर्गणीदार