डी मेजर ऐकायला शिकवणाऱ्या सरांस

आदरणीय सर,

सादर नमस्कार. आमच्या श्रवणमंडळाने व्हायोलिन कॉन्चेर्टोंवर, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंद यांच्यासाठी लिहिलेल्या रचनांवर, जी सत्रे ठेवली, त्यांच्या तयारीसाठी आपण इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहितो आहे, कारण आपण जे दाखवून दिलेत ते हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेल्या प्रत्येकाच्या उपयोगी पडणारे आहे.

माझा प्रश्न असा होता की बेथोवन, ब्राम्स आणि चायकॉव्स्की या तिन्ही पाश्चात्त्य संगीतकारांचे व्हायोलिन कॉन्चेर्टो डी मेजरमध्येच का असावेत आणि रचनेच्या नावातच पट्टी सांगण्याइतके तिचे महत्त्व ते काय. आपल्याकडे सा गायकाच्या गळ्याप्रमाणे ठरतो आणि साथीचा व्हायोलिनवादक त्या सा-प मध्ये तारा लावून घेतो. गोव्यात चर्चच्या शाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन) शिकून मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंमध्ये वाजवत आलेल्या आपल्याला दोन्ही भाषा अवगत आहेत, म्हणूनच आपण आधी माझ्या भाषेत उत्तर दिलेत: पांढरी दोनचा सा आणि बिलावल थाटाचे सूर, म्हणजे डी मेजर. पाश्चात्त्य व्हायोलिनच्या तारा मात्र जी, डी, ए, ई अशा कायमच्या लावलेल्या असतात, आणि डी हा सा धरला की त्याच चार तारा म, सा, प, रे होतात.

एवढे ऐकूनही मला ते पटले नसते. आपण डीच्या मोकळ्या तारेवर कागदाचा इवलासा दुमडलेला तुकडा ठेवलात, शेजारच्या ए तारेवर तिसरे बोट टेकवून वरचा डी वाजवलात, आणि ज्या तारेला गज लागलाच नव्हता तिच्यावरचा कागद थरथरू लागला. मग बोट अर्धा सूर वर सरकवलेत, तेव्हा तो जागच्या जागी राहिला. सारंगीच्या तरफा जशा बोलतात तसे व्हायोलिन या पट्टीत आपले आपण बोलते, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर बेथोवनचा कॉन्चेर्टो मला निराळाच ऐकू येऊ लागला. सुरुवातीला टिंपनीवर (सुरात लावलेल्या नगाऱ्यांवर) पाच ठोके पडतात, सगळे डीवर, म्हणजे सा वर. लाकडी सुषिरवाद्ये शांतपणे आपले गाणे मांडतात, आणि दहाव्या मापात (स्वरलिपीतल्या दहाव्या खंडात) पहिली व्हायोलिने एकाएकी त्याच ठोक्यांच्या लयीत डी शार्प, म्हणजे डीच्या अर्धा सूर वरचा स्वर, वाजवतात, खाली कसलाही स्वरसंवाद (सोबत वाजणारे इतर सूर) नसताना. कागद ज्या सुरावर हलला नाही तोच हा सूर. बेथोवनने तो तिथे तसाच उघडा सोडला आहे आणि त्याला स्वरसंवादाचा आधार बऱ्याच पुढे दिला आहे. कितीही वेळा ऐकले तरी मला ती जागा संपूर्ण रचनेतली सर्वांत धाडसी वाटते.

२३ डिसेंबर १८०६ रोजी व्हिएन्नात फ्रान्झ क्लेमेंटने हा कॉन्चेर्टो प्रथम वाजवला. तो रुजला मात्र १८४४ मध्ये, बारा वर्षांच्या योआखिम या व्हायोलिनवादकाने लंडनमध्ये मेंडेल्सोनच्या संचालनाखाली तो सादर केल्यानंतर. त्याच योआखिमने १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये ब्राम्सचा नवा कॉन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला आणि त्याच मैफलीत बेथोवनचाही वाजवला, ही गोष्ट आपण सांगितलीत तेव्हा आमच्या सत्राचा क्रम आपोआप ठरला.

डी मेजर म्हणजे विजय, डी मेजर म्हणजे हॅलेलुया, अशी जी वर्णने पट्ट्यांचे स्वभाव लिहून ठेवणाऱ्या अठराव्या शतकातील शूबार्टच्या काळापासून चालत आली आहेत, त्यांना भुलू नका, असेही आपण बजावलेत. हेंडेल आणि बाख यांच्या तुताऱ्यांना कळा नव्हत्या आणि त्या बहुधा डीमध्येच असत, त्यामुळे उत्सवी संगीत त्या पट्टीकडे वळले. मेंडेल्सोनचा कॉन्चेर्टो ई मायनरमध्ये आणि ब्रुखचा गाजलेला जी मायनरमध्ये आहे, तेव्हा हा काही नियमही नव्हे.

आपला सर्वांत मोठा पुरावा मोझार्टचा होता. व्हायोलिन, व्हायोला आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या १७७९ च्या सिन्फोनिया कॉन्चेर्टान्टेची पट्टी ई फ्लॅट मेजर, म्हणजे डी मेजरच्या अर्धा सूर वरची, आहे, पण व्हायोलाचा (व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या, खालच्या सुराच्या वाद्याचा) एकलभाग त्याने डी मेजरमध्ये लिहून तारा अर्धा सूर चढवायला सांगितले, म्हणजे वादकाची बोटे डी मेजरची, मोकळ्या तारांची गुंज त्याच्या हाताशी, आणि कानाला मात्र ई फ्लॅट. पागानिनीने पहिल्या कॉन्चेर्टोत व्हायोलिनसाठी हीच युक्ती वापरली. पट्टीचे सामर्थ्य कंपनसंख्येत नसून वाद्याच्या अंगात आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही.

सत्रात आपल्या परवानगीने तो कागदाचा प्रयोग आम्ही पुन्हा केला, आणि शेवटी बसलेले ज्येष्ठ सभासदसुद्धा उठून जवळ येऊन पाहत होते. पुढच्या सत्रात मोझार्टची ती रचना ऐकायचे ठरले आहे. त्या वेळी व्हायोला घेऊन आपण स्वतः यावे आणि तारा चढवल्यावर आवाजात पडणारा फरक सर्वांना ऐकवावा, अशी मंडळाच्या वतीने नम्र विनंती आहे. दिवस आणि वेळ आपल्या सोयीने ठेवू.

आपला कृतज्ञ,
श्रवणमंडळाचा एक सभासद