फ्रिजमधल्या त्या पाच पोळ्या

चि. बंटी,

व्हॉइस नोट तू ऐकत नाहीस म्हणून टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घे.

रविवारी कोपरखैरण्याला तुझ्या रूमवर पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला आणि बघतो तर पाच पोळ्या कडक होऊन पडलेल्या, वाटीभर वरण, आणि कोथिंबिरीच्या जुडीने पार मान टाकलेली. पोळीवाल्या ताई एका पोळीचे 10 रुपये घेतात ना, म्हणजे 50 रुपये तिथेच गेले, आणि त्याच रात्री तुम्ही तिघांनी बिर्याणी मागवलीत. वर महिनाअखेर आईला फोन, पगार पुरत नाही म्हणून.

मी बोलायच्या लायकीचा नाही हे माहितीय, तीस वर्षं ताटावर आयतं बसलो आणि शिळी पोळी दिसली की नाक मुरडलं. पण आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ओटा माझ्याकडे आहे, जांभळी नाक्यावरून पिशव्या मीच ओढत आणतो, त्यामुळे आता दोडक्याच्या शिरासुद्धा टाकवत नाहीत, तीळ खोबरं घालून चटणी करतो.

तर फोडणीची पोळी. मिक्सरला लावू नकोस, मी लावली होती, रवा झाला. हाताने कुस्करायची, जाड बारीक कशीही. तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, मिरची, शेंगदाणे, मग भरपूर कांदा आणि हळद. कुस्करा घातला की पाण्याचा हबका मारायचा आणि झाकण ठेवून एक वाफ काढायची, तिथेच सगळी गंमत आहे, हबका विसरलास की भुसा खाल्ल्यासारखं लागतं. मीठ बेताने कारण पोळीत असतंच. वरून चिमूटभर साखर, लिंबू.

त्या वरणाची वरणफळं होतात. पाणी घालून सैल करायचं, गोडा मसाला, आमसूल, गूळ, आणि चांगलं उकळलं की कणकेच्या लाटलेल्या कच्च्या पोळीचे शंकरपाळ्यासारखे तुकडे एकेक करून सोडायचे. सगळे एकदम टाकलेस तर गोळा होतो. वरून तूप, झालं जेवण. कोथिंबिरीचे देठ चटणीत जातात हे तुला माहीत असेलच, तरी फेकतोस.

भाताच्या बाबतीत मात्र काटकसर करायची नाही. मे महिन्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला मी सकाळी झक्क फोडणी दिली आणि दुपारपर्यंत आम्ही दोघं आडवे. डॉक्टर म्हणाले भातातल्या जंतूंचं बीज शिजवूनही मरत नाही, आपल्या दमट हवेत भात तसाच राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत गरम केलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट डब्यात घालून तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी फोडणीचा भात नाहीतर कांदा, बेसन घालून थालीपीठ. बाहेर राहिला तर सरळ टाक, मी ओरडणार नाही.

शनिवारी ठाण्याहून वाशी लोकल पकडून येतोय, आमसुलं आणि गोडा मसाला आणतो, कांदे तू आणून ठेव. आणि आईचे चार स्टीलचे डबे तुझ्याकडे अडकलेत ते घासून ठेव, ती रोज विचारते.

बाबा