नील बेट अर्ध्या दिवसात उरकू नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्या जवळ आल्या की अंदमानच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात. त्यांतला क्रम ठरलेला असतो: सेल्युलर जेल, हॅवलॉकचा राधानगर किनारा आणि परतीच्या वाटेवर ‘नील बेट, अर्धा दिवस’. सकाळच्या बोटीने उतरायचे, भरतपूरला काचेच्या तळाच्या बोटीतून एक फेरी, लक्ष्मणपूरचा दगडी पूल (म्हणजे खडकाची नैसर्गिक कमान), जेवण, आणि दुपारच्या बोटीने परत. वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांतही बहुधा हेच छापून येते.

या कार्यक्रमाची अडचण साधी आहे. भरतपूरचे प्रवाळ पाण्यात उतरून पाहायचे तर भरती हवी आणि दगडी पुलाखाली जायचे तर ओहोटी. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तास जातात. पाच तासांच्या मुक्कामात दोन्ही बसवणार कसे? मग कुणाला पूल लांबूनच दिसतो, तर कुणाच्या वाट्याला गुडघाभर पाण्यातले बोडके खडक येतात. घरी परतल्यावर दोघेही सांगतात, नीलला काही नाही.

बेट जेमतेम 14 चौरस किलोमीटरचे. डिसेंबर 2018 पासून त्याचे सरकारी नाव शहीद द्वीप आहे, तसे 2024 पासून पोर्ट ब्लेअरही श्री विजयपुरम् झाले. पण बोलण्यात अजून नीलच आहे. पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे वसवले गेले. त्यांच्या वस्त्यांची नावे रामायणातली: सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. अंदमानला भाजी पुरवणारे बेट म्हणून त्याची ओळख आहे. त्यामुळे पाठीवर पिशवी टाकून गेलेल्याला बाजारातल्या साध्या खानावळीत भात, डाळ, भाजी आणि मासळी पोटभर मिळते. धक्क्यापासून बेटाचे कुठलेही टोक सायकलच्या पल्ल्यात आहे. सायकल भाड्याने मिळते. ब्रेक आणि हवा तिथेच तपासून घ्यावी.

आता पाण्याकडे. नीलभोवतीचे प्रवाळ किनाऱ्याला लागूनच आहेत. आधी वाळू आणि समुद्रगवत, मग प्रवाळखडकाचे सपाट पठार, आणि पठार संपते तिथे पाणी एकदम खोल, गडद होते. जिवंत प्रवाळ आणि मासे जास्त सापडतात ते या कडेला. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, दिवसांत इथे पाणी साधारण दोन मीटर चढते-उतरते. ओहोटीला पठारावर पोहायला पाणीच उरत नाही. पोट घासते, हात टेकतात, आणि माणूस घाबरून उभा राहतो तो नेमका प्रवाळावर. म्हणून पूर्ण भरतीच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी फिरल्यावर तासाभरात बाहेर यावे. ओहोटीचा जोर वाढला की पठारावरचे पाणी कडेकडे धावते आणि परत येताना त्याच्या उलट पोहावे लागते. उधाणाला हा ओढा जास्त, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. भांगाच्या दिवसांत पाणी बहुधा स्वच्छही असते, आणि चढउतार थोडा असल्याने वेळेचे बंधन सैल होते. उलट, दगडी पूल पाहायला उधाणाची ओहोटीच उत्तम.

आपल्याकडे मुंबई-कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हा हिशेब अंदमानला लावू नये. चंद्र डोक्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती येते, हे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पोर्ट ब्लेअरचे रोजचे आकडे असतात, ते उतरवून घ्यावेत. रोज वेळ सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. तक्त्यात सकाळी नऊ ते दुपारी एक यादरम्यान भरती येणारे दिवस शोधावेत आणि त्यांवर चार रात्री बसवाव्यात. त्याच दिवसांत ओहोटी पहाटे किंवा दुपारनंतर येते, म्हणजे पूलही होतो. विमानाचे तिकीट त्यानंतर काढावे. आपण नेमके उलटे करतो.

नऊ ते एकच का? घड्याळ आपलेच असले तरी हे बेट मुंबईच्या सुमारे वीस अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सूर्य ऐंशी मिनिटे आधी चालतो. डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्यास्त. चारच्या तिरप्या उन्हात पाण्याखाली सगळे निळसर-राखाडी दिसते, रंग मरतात. ‘दुपारी झोप काढून चारला उतरू’ हा कोकणातला बेत इथे फसतो.

ऋतूचेही तसेच. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीत ईशान्येचा वारा असला की सीतापूरच्या पूर्वेकडच्या बाजूला लाटा उठतात आणि पाणी गढूळ होते; अशा वेळी लक्ष्मणपूरची पश्चिम बाजू पाहावी. मार्च-एप्रिलमध्ये समुद्र सर्वांत शांत. मात्र त्या सुमारास पाणी तापू लागते, आणि नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादाच अंश काही आठवडे जास्त राहिले तरी प्रवाळ आपल्यातली शैवाले टाकून पांढरे पडतात. 2010 मध्ये अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झाले, 2016 मध्ये पुन्हा. त्यामुळे काही ठिकाणी आज नुसता प्रवाळाचा चुरा दिसतो. जाहिरातीतल्या रंगीत छायाचित्रांवर विसंबून गेलेल्याची निराशा होईल. गोल धोंड्यांसारखे मोठे प्रवाळ, त्यांना कुरतडणारे पोपटमासे (पाण्यात कान दिला तर ते कुरतडणे ऐकू येते), समुद्रफुलात दडलेले विदूषक मासे, वाळूवर पसरलेल्या समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी), नशिबात असेल तर कासव, एवढे धरून जावे. समुद्रगवतात क्वचित डुगाँगही (समुद्रगाय) चरायला येतो. हा अंदमान-निकोबारचा राज्यप्राणी; दिसला तर पाठलाग करू नये.

साहित्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण बहुतेक मराठी पर्यटकांची ओळख मालवणच्या दहा मिनिटांच्या स्नॉर्केलिंगशी (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहण्याशी) असते. तिथे आपण टायर धरायचा, पुढचे सगळे वाटाड्या करतो. नीलला चार दिवस राहायचे तर मास्क आणि नळी स्वतःची न्यावी. भाड्याची मापात बसत नाहीत आणि नळीचे तोंड शंभर जणांनी चावलेले असते. मास्कची काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनची हवी. दुकानातच पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर माप बरोबर. गळतो म्हणून पट्टा करकचून आवळणे ही हमखास चूक आहे. त्याने कडा वाकते आणि गळती वाढते. कडेखाली केस अडकलेले नाहीत ना ते पाहावे. मिशीवाल्यांनी वरच्या ओठावर थोडे व्हॅसलिन लावावे.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर राहिलेला असतो, म्हणून तो कितीही थुंकी चोळली तरी धुरकटतो. घरीच पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन आतून दोन-तीनदा घासून धुवावी. किनाऱ्यावर बेबी शॅम्पूचा एक थेंब चोळून समुद्राच्या पाण्याने हलकेच विसळावे. चष्मा मास्कखाली चालत नाही. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. नळी साधी, हातभराहून कमी लांबीची घ्यावी. लांब नळीने जास्त सोय होईल हा भ्रम आहे: वापरलेली हवाच पुन्हा छातीत जाते, आणि जरा खोल गेले की पाण्याच्या दाबाने श्वास ओढता येत नाही. पूर्ण चेहरा झाकणारे नवे मास्क दिसायला सोपे वाटतात, पण त्यांत उच्छ्वासाची हवा साचू शकते आणि घाबरल्यावर ते झटकन काढता येत नाहीत. नवशिक्याने ते घेऊ नयेत.

सराव गावातल्या तलावातच करावा. छातीभर पाण्यात उभे राहून तोंड पाण्यात, श्वास फक्त तोंडाने, दोन मिनिटे. मग नळीत मुद्दाम पाणी भरून एका जोरदार फुंकरीने काढणे. मग मास्कमध्ये थोडे पाणी घेऊन, वर पाहत, वरची कड बोटांनी दाबून नाकाने हवा सोडणे. ही तीन कामे न घाबरता जमली की निम्मे काम झाले. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट आणि स्थानिक वाटाड्या दोन्ही घ्यावेत, त्यात लाज नाही. पोहता येणाऱ्यांनीही एकट्याने जाऊ नये. आत जाताना प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर तोच परत आणतो. किनाऱ्यावरचे एक झाड आणि त्यामागची एखादी खूण एका रेषेत धरून ठेवावी. ती रेष सुटू लागली तर आपण वाहत आहोत. कुठे उतरायला त्या दिवशी परवानगी आहे हे जीवरक्षकाला आणि राहत्या ठिकाणी विचारूनच ठरवावे. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. 2010 मध्ये हॅवलॉकला मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. खारफुटी आणि खाडीच्या तोंडापासून लांब राहावे, पाटी असेल तिथे वाद घालू नये.

सर्वांत जास्त त्रास मात्र उन्हाचा होतो. पाठ आणि पोटऱ्या तासभर आकाशाकडे असतात, पाणी गार लागते, आणि भाजल्याचे रात्री कळते. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा आणि घोट्यापर्यंतची चड्डी हे कुठल्याही क्रीमपेक्षा बरे. क्रीम लागलेच तर ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेले घ्यावे. प्रवाळांच्या काळजीपोटी हवाई राज्याने 2021 पासून या दोन्हींच्या विक्रीवर बंदी घातली आहे. प्रवाळाने खरचटले तर जखम लगेच गोड्या पाण्याने चोळून धुवावी. आत बारीक कण राहिले तर ती आठवडाभर चिघळते. दगडमाशासारख्या विषारी काट्यावर पाय पडला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पुढचे उपचार पोर्ट ब्लेअरला. वाळूवर संध्याकाळी बारीक वाळूमाश्या चावतात. अंगाला खोबरेल चोळून चटईवर बसावे, उघड्या वाळूत लोळू नये.

दगडी पुलापाशी ओहोटीच्या डबक्यांत काही वाटाडे समुद्रकाकडी उचलून पर्यटकांच्या हातात देतात, फोटो काढले जातात. हे थांबायला हवे, आणि ते आपण नको म्हटल्यानेच थांबेल. समुद्रकाकड्या आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या पंक्तीला. किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही नेता येत नाही. वीर सावरकर विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो आणि देवघरात ठेवायला घेतला होता या सबबीचा उपयोग होत नाही.

बोटींविषयी. सरकारी बोट सुमारे दोन तास घेते, स्वस्त असते, डेकवर वारा खात जाता येते. तिकिटे मर्यादित, म्हणून खिडकी उघडली की घ्यावीत. खासगी बोटी जलद पण बंदिस्त आणि वातानुकूलित. पोट ढवळणाऱ्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी, ढवळायला लागल्यावर नव्हे. खराब हवेत दोन्ही रद्द होतात. त्यामुळे नीलहून परतण्याचा दिवस आणि विमानाचा दिवस कधीही एक ठेवू नये. मध्ये एक पूर्ण दिवस पोर्ट ब्लेअरला धरावा. सेल्युलर जेल पाहायला तोच वापरावा. बेटावर रोख रक्कम जवळ असावी, कारण नेट रुसले की क्यूआर कोडही रुसतो. गोडे पाणी जपून वापरायचे असते, म्हणून बादलीतली आंघोळ पुरे.

अंदमानवर पुढचा लेख छापाल तेव्हा हॉटेलांच्या यादीशेजारी त्या महिन्यातल्या पोर्ट ब्लेअरच्या भरती-ओहोटीच्या वेळा एका चौकटीत द्याव्यात, ही विनंती. राशिभविष्याएवढी जागा पुरेल.

कळावे,
आपला एक वाचक, रत्नागिरी