विषय : तुटलेल्या कानाचा बॅटमॅन आणि तुम्ही परस्पर 'सोडवून' टाकलेली माझी तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख (आणि ही मिनी-बस्टची, म्हणजे छातीपासून वरच्या छोट्या पुतळ्यांची लाइन ज्यांच्या डोक्यातून निघाली ते कोणी अजून तुमच्याकडे नोकरीला असतील तर तेही)

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरच्या माणसाने मी बोलत असतानाच माझं तिकीट बंद केलं. फोन ठेवायच्या आत मेल आला, तुमची समस्या सोडवण्यात आली आहे, आमच्या सेवेला किती स्टार द्याल. स्टारचं नंतर बघू. आधी हे वाचा, आणि कृपा करून कोणीतरी असं वाचा ज्याने तुमचा एखादा पीस निदान एकदा हातात धरलाय.

बस्ट कुठला ते सांगत बसत नाही, तुमचाच आहे, ऑर्डर नंबर मेलमध्ये आहे. १/६ स्केल, पॉलिस्टोन, एडिशन १०००, म्हणजे एकूण हजारच नंबर घातलेले पीस, त्यात माझा नंबर ४१२. बॉक्स उघडला तर डाव्या कानाचं टोक गायब. आता वाटेत तुटलं असतं तर तुकडा थर्माकोलच्या खाचेत सापडला असता. सापडला नाही. मी थर्माकोलचे दोन्ही भाग झटकले, डोक्यावरची प्लास्टिकची पिशवी उलटी केली, बाहेरचा तपकिरी खोकासुद्धा पालथा केला. काही नाही. बरं, पॉलिस्टोन म्हणजे रेझिनमध्ये दगडाची पूड, ते तुटलं की आतून फिकट पांढरट दिसतं हे तुम्हाला मी सांगायला नको. माझ्या पीसच्या तुटलेल्या जागी पांढरं काहीच दिसत नाही. तिथे काळा रंग आहे. ब्रशने मारलेला. अख्खा काउल, म्हणजे डोक्यावरचा कानांचा मुखवटा, मॅट आहे आणि नेमकी तेवढीच जागा चकाकते, नखाने चाचपलं तर खालचा खडबडीत भाग लागतो. म्हणजे तुमच्याकडेच कोणीतरी हा कान तुटलेला बघितला, वरून रंग फासला, पीस पिशवीत घातला, पेटीत भरला आणि टेप मारून पाठवून दिला. जवळून काढलेले फोटो पहिल्याच मेलला जोडले होते. एकानेही ते उघडून बघितले नाहीत हे मी पैजेवर सांगते, कारण पहिलं उत्तर आलं ते असं की हे ट्रान्झिट डॅमेज आहे, कुरिअरकडे क्लेम करा. कुरिअरवाले खोकी आपटतात हे मान्य, पण ते खिशात काळा अ‍ॅक्रिलिक आणि झिरो नंबरचा ब्रश घेऊन फिरत नाहीत हो.

मग बऱ्याच मेलामेलीनंतर रिप्लेसमेंट आली. कान दोन्ही शाबूत, आभारी आहे. पण हनुवटीजवळ अंगाचा रंग काउलच्या कडेवर सांडलाय, ते एक वेळ मी चालवून घेतलं असतं, इतकी वर्षं घेतेय, थोडं इकडेतिकडे होतं. बेस उलटा करून बघितला तर खाली नंबर ६४०. बॉक्सवर ८७. आणि सर्टिफिकेट नाहीच. विचारलं तर म्हणे आधीच्या पीसचं सर्टिफिकेट तुमच्याकडे आहे ना, तेच वापरा. त्यावर ४१२ आहे. म्हणजे एकाच बस्टला तीन नंबर, आणि तिन्ही एकमेकांशी बोलत नाहीत.

मला सांगा, ही नंबराची भानगड कोणी सुरू केली? मी नाही. पहिला बस्ट घेतला तेव्हा तुम्हीच लिहिलं होतं की जो पहिल्यापासून घेईल त्याचा नंबर पुढच्या प्रत्येक बस्टला राखून ठेवू. म्हणून माझा थॉर ४१२, हल्क ४१२, वंडर वुमन ४१२. मला न आवडणारे सुद्धा घेतले, नंबर तुटू नये म्हणून, त्यातले दोन तर इतके वाईट होते की मागच्या रांगेत ठेवलेत, नावं घेत नाही. पीस विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न हाच येतो की बॉक्स, बेस आणि सर्टिफिकेटचा नंबर एक आहे का. हे तुम्हाला माहीत आहे, कारण याच जोरावर तुम्ही प्री-ऑर्डर उघडता आणि अर्ध्या तासात 'फक्त थोडेच शिल्लक' लावता. विकताना नंबर म्हणजे सगळं काही, आणि तक्रार केली की नंबर म्हणजे नुसती शाई.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर सांगणार आहे, कारण तुम्ही म्हणता कॉल प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होतो, तर जरा ऐकाच, चांगलं प्रशिक्षण होईल.

आधी होल्डवर ते ढँढँढँ संगीत, मधूनमधून 'तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे'. मग एक मुलगा आला, आवाज सभ्य होता, नाव घेत नाही कारण त्याचा एकट्याचा दोष नाही. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं, परत, कारण तिकिटावर लिहिलेलं तुमच्याकडे कोणी वाचत नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे मुलाचं आहे का मिस्टरांचं?"

मी म्हटलं, माझं आहे.

"हो, म्हणजे ऑर्डर तुमच्या नावावर आहे ते दिसतंय, पण वापरतं कोण?"

वापरतं कोण! अहो, बस्ट आहे तो. छातीपासून वर. त्याला पाय नाहीत, हात नाहीत, सांधे नाहीत, तो शेल्फवर असतो आणि मी त्याच्याकडे बघते, एवढाच काय तो वापर. हे मी त्याला सांगितलं, यापेक्षा बऱ्या शब्दांत. त्यावर तो टाइप करत बसला, की-बोर्डचा आवाज येत होता, आणि म्हणाला, "मुलांच्या हातून पडला असेल तर वॉरंटीत बसत नाही मॅडम." मी म्हटलं मुलांचा प्रश्न येतो कुठे, तुटलेल्या जागेवर रंग आहे, तुमच्याकडचा रंग आहे. तो म्हणाला, "रंग आहे म्हणजे मग तुटलेलं दिसत नाही ना?"

मी दोन क्षण गप्पच बसले. त्याला वाटलं पटलं मला. मग त्याने जो सल्ला दिला तो शब्दशः लिहिते, "मॅडम, असं करा ना, थोडा तिरका करून ठेवा, ती बाजू भिंतीकडे. समोरून एकदम नवा दिसेल." मी विचारलं, आणि नंबरांचं काय? "नंबर तर खाली असतो ना मॅडम, कोण उलटा करून बघतं?"

कोण उलटा करून बघतं. हे तुमच्या कंपनीच्या अधिकृत ग्राहक सेवेतून आलेलं वाक्य आहे. बस्ट घेणारा प्रत्येक माणूस बॉक्समधून पीस काढला की सगळ्यात आधी तो उलटा करतो, हे ज्याला माहीत नाही त्याला तुम्ही बस्टच्या तक्रारी घ्यायला बसवलंय. मी म्हटलं तुमच्या सीनियरला द्या. तर म्हणे सीनियर मीटिंगमध्ये आहेत, आणि "शेवटी शोभेचं खेळणंच आहे ना मॅडम, एवढं काय टेन्शन घेता". आणि तिकीट बंद.

खेळणं म्हणायला माझी हरकत नाही, मी काही फार सोवळं पाळत नाही याबाबतीत. पण तुमच्याच बॉक्सच्या मागे छापलंय की हे खेळणं नाही, प्रौढ संग्राहकांसाठी आहे. आणि खेळणंच म्हणायचं असेल तर खेळण्यांच्या धंद्यातली माणसं त्याकडे किती गांभीर्याने बघतात ते बघा. अमेरिकेत टॉय बिझ कंपनी एक्स-मेन आणि इतर मार्व्हल फिगर्सवरचा आयातकर कमी लागावा म्हणून सरकारविरुद्ध कोर्टात गेली होती, बाहुल्यांवर (म्हणजे माणसाच्या रूपातल्या) १२ टक्के आणि इतर खेळण्यांवर ६.८ टक्के असा फरक होता, आणि २००३ साली जजबाईंनी फिगर्स एकेक करून तपासून, कोणाला पंजे आहेत, कोणाला पंख, कोणाला यंत्राचे हात हे सगळं बघून निकाल दिला की या काही माणसांच्या बाहुल्या नव्हेत, खेळणी आहेत. कंपनी जिंकली. एका न्यायाधीशाला प्लास्टिकच्या फिगरचे पंजे बारकाईने बघायला वेळ मिळतो आणि तुम्हाला मी पाठवलेला कानाचा फोटो उघडायला मिळत नाही.

आणि १९८४ मध्ये केनर या खेळण्यांच्या कंपनीने सुपरहिरोंच्या फिगर्सची जी 'सुपर पॉवर्स' लाइन काढली ती तर खरोखर पोरांनी आपटाआपटी करावी म्हणूनच बनवली होती. त्यातली एक माझ्याकडे आहे, सेकंडहँड, केप कधीच गेलेली, नाकावरचा रंग उडालेला. पाय दाबले की तिचे हात अजून हलतात! कोणा अनोळखी पोराने मनसोक्त खेळून झाल्यावरसुद्धा. तुमचा बस्ट थर्माकोलमधून बाहेर यायच्या आधीच अपंग.

हातोडीचं राहिलंच. तुमच्या रिप्लेसमेंटच्या मेलमध्ये लिहिलंय की मूळ पीस परत पाठवायची गरज नाही, तो हातोडीने फोडून त्याचा स्पष्ट फोटो पाठवावा, बेसवरचा नंबर दिसेल असा, नाहीतर रिप्लेसमेंटची रक्कम आकारण्यात येईल. म्हणजे ४१२ मी माझ्या हाताने फोडायचा आणि बदल्यात ६४० की ८७ ते तुम्हालाच माहीत नसलेला ठेवून घ्यायचा. फोडणार नाही. जोपर्यंत ४१२ नंबरचा अखंड पीस माझ्या हातात येत नाही तोपर्यंत तुटका ४१२ जिथे आहे तिथेच राहील, आणि हो, समोर तोंड करून राहील, भिंतीकडे नाही.

हे पहिल्यांदा झालं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. मागे तुमची सहा इंची फिगर आली होती तिला दोन्ही हात उजवे होते. सांधा घट्ट असेल तर गरम पाण्यात बुडवून प्लास्टिक मऊ करायचं, हात सुटतो, हे आम्ही सगळे घरी करतोच, पण डावा हात आणायचा कुठून? तेव्हाही तुम्ही मला कुरिअरकडे क्लेम करायला सांगितलं होतं. कुरिअरने वाटेत डाव्याचा उजवा केला असणार. तेव्हा मी सोडून दिलं, म्हटलं मास प्रॉडक्ट आहे, फॅक्टरीत हजारो जोडतात, होतं. पण बस्ट हाताने रंगवलेला असतो असं तुम्हीच जाहिरातीत सांगता. मान्य आहे, माझाही हाताने रंगवलेला आहे, तुटलेल्या जागेसकट.

खरं सांगू का, कान तुटल्याचं मला तितकं लागलं नाही. पॉलिस्टोन आहे, बोटं, केपची टोकं, कान, असलं बारीक काही तुटायचंच, बस्ट घेणाऱ्यांना ते माहीत असतं. राग आहे तो त्या रंगाचा. ज्याने तो ब्रश उचलला त्याला माहीत होतं की कान तुटलाय. त्याला वाटलं घेणाऱ्याला कळणार नाही. आणि त्यानंतर फोनवर भेटलेल्या तुमच्या प्रत्येक माणसाचंही तेच मत दिसलं. एकेकाळी तुमचा नवीन स्कल्प्ट, म्हणजे नवीन बस्टचं मूळ शिल्प, जाहीर झाला की मी कामाच्या मधे चोरून फोटो बघायचे, केपच्या घड्या झूम करून, सर्टिफिकेटवर शिल्पकाराचं नाव असायचं तेही वाचायचे. तेच नाव हल्ली तुम्ही छापतही नाही.

तर आता मला काय हवंय. नंबर ४१२, बॉक्स, बेस आणि सर्टिफिकेट तिन्हीवर तोच, कान दोन्ही. अशा वेळेला लागतील म्हणून एडिशनच्या बाहेरचे काही पीस राखून ठेवलेले असतात, नाहीत असं मला सांगू नका, ते पीस पुढे तुमच्याच सेलमध्ये 'आर्काइव्हमधून मिळालेले' म्हणून बाहेर येताना मी बघितलेत. त्यातला एक घ्या, नंबर घाला, पाठवा. नवीन सर्टिफिकेट छापा. नाही जमत तर बस्टचे आणि शिपिंगचे सगळे पैसे परत, कूपन नाही, वॉलेटमध्ये नाही, ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर. आणि तिकीट पुन्हा उघडून त्यावर 'सोडवलं' आहे ते काढा, कारण काहीही सुटलेलं नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर माझ्या पुढच्या सगळ्या प्री-ऑर्डर रद्द समजा आणि ४१२ कोणाला द्यायचा त्याला द्या. ग्राहक न्यायालयात जायची माझी तयारी आहे, तुमचे सगळे मेल आणि माझे सगळे फोटो तारखेप्रमाणे लावून ठेवलेत. तेच फोटो मग संग्राहकांच्या ग्रुपवरही जातील, आणि त्या लोकांना चकाकणारा काळा आणि मॅट काळा यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

(अजून तरी) तुमची ग्राहक,
नंबर ४१२

ता. क. माफीखातर पाठवलेला कूपन कोड मी टाकून बघितला. 'बस्ट आणि स्टॅच्यू वगळून' असं येतंय.