टू-स्ट्रोकला जास्तीचे तेलही बाधते

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीत गवत कापायच्या यंत्रांच्या निगेवर आलेला लेख वाचला. बाकी सगळे ठीक, पण ‘पेट्रोलमध्ये तेल थोडे जास्त पडले तर चालते’ हे वाक्य खटकले. ब्रशकटर, चेनसॉ, पाठीवरचे फवारणी पंप दुरुस्त करणे हाच माझा धंदा. माझी निम्मी कमाई या समजुतीवर चालते म्हणा ना!

या यंत्रांतल्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल कालवून चालणाऱ्या, इंजिनाला तेलाचे वेगळे चेंबर नसते. पेट्रोल-हवेचे मिश्रण क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीतून, वर जाते आणि जाता जाता त्यातलेच तेल बेअरिंगला, पिस्टनला लागते. तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. जास्तीचे मात्र कोणी बोलत नाही. कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे त्यातले बारीक छिद्र, ठरावीकच इंधन सोडतो. त्यात तेलाचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो, मिश्रण लीन होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते, आणि इंजिन थंड राहण्याऐवजी जास्तच तापते. शिवाय अर्धवट जळलेल्या तेलाचा कार्बन प्लगवर, एक्झॉस्ट पोर्टमध्ये (धूर बाहेर पडायच्या वाटेत) आणि सायलेन्सरच्या जाळीवर बसतो. ‘पिकअप गेला, कार्ब्युरेटर खोला’ म्हणत गिऱ्हाईक येते. मी आधी जाळी काढून बघतो.

पेट्रोल-तेलाचे प्रमाण 50:1 असेल तर लिटरला 20 मिली तेल, 25:1 असेल तर 40. आपल्या यंत्राला कोणते, ते पुस्तिकेत असते, बऱ्याचदा टाकीच्या झाकणावरही. मोजायला मापाचा कप किंवा बिनसुईची सिरिंज घ्यावी. बाटलीच्या झाकणाने मोजू नये, रंगावरून तर मुळीच नाही, कारण तेलाचा रंग कंपनीगणिक बदलतो. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करावे: अर्धे पेट्रोल, मग तेल, हलवून उरलेले पेट्रोल. आणि फोर-स्ट्रोकचे (मोटारसायकल-कारचे) इंजिन ऑइल यात ओतू नये. ते जळून जाण्यासाठी बनवलेलेच नसते, त्याची राख मागे राहते.

कालवलेले पेट्रोल महिन्याच्या आत संपवावे. इथेनॉल असलेले पेट्रोल हवेतला ओलावा धरते, हेही लेखात यायला हवे होते.

दुरुस्ती छापणार असाल तर ‘थोडे जास्त’ काढून ‘पुस्तिकेत दिले असेल तेवढेच’ असे करावे, ही विनंती.

आपला,
एक इंजिन मेकॅनिक